माळ्यावरचं पीठ

१

संध्याकाळी रिक्षा अंगणात लावायची, मोरीवर हातपाय धुवायचे, ओटीवर टेकून चहा बशीत ओतायचा आणि पहिली फुंकर मारायची, की माळ्यावर चालणं सुरू. घड्याळ लावून घ्या. माजघरावर सागाच्या फळ्या, फळ्यांवर नव्या भाताची कणगी, आणि त्या कणगीला वळसा घालून कोणीतरी हलक्या पावलांनी शिडीच्या तोंडापर्यंत यायचं आणि तिथे थांबायचं.

"आले साहेब ड्युटीवर," धर्मा वर बघून म्हणायचा.

धर्मा म्हणजे किन्हवली ते शहापूर शेअर रिक्षा मारणारा माणूस. एके काळी त्याच्या रिक्षात बसलं की उतरेपर्यंत पॅसेंजरला जांभई द्यायलाही सवड मिळायची नाही, इतकी त्याची टकळी चालायची. आता रस्ताभर गप्प असायचा. जो काही विनोद उरला होता तो असा संध्याकाळी बायकोपुढे काढायचा, ती हसेल म्हणून. वत्सला हसायची नाही.

भाद्रपदात त्यांचा हर्षित गेला. बावीस वर्षांचा पोरगा. आसनगावला एका गोदामात नुकता चिकटला होता. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेला, तिथून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेला, आणि तिथून पांढऱ्या गाडीत आडवा होऊन घरी आला. एकुलता एक मुलगा. थोरली मिताली मुरबाडला दिलेली. ती महिनाभर आईजवळ राहिली, पण तिचीही लेकरं लहान, ती तरी किती राहणार? ती गेली आणि घर खायला उठलं.

वत्सला जेवायची ते धर्माने डोळे वटारले म्हणून. दोन घास कसेबसे ढकलायची आणि ताट सारायची. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. धर्माला दिवसरात्र एकच धास्ती होती. पोरगा गेला तो गेला, त्याच्यामागे हीसुद्धा चालली, आणि आपण नुसते बघत बसलोय.

वरची पावलं वाजली की ती मात्र हातातलं काम टाकून ऐकायची.

"जनावर असं चालतं का ओ?"

"मग कसं चालतं? तुला इचारून? उदमांजर हाय गो ते. नवं भात भरलंय, उंदीर आलं, उंदरामागं ते आलं."

पण खोटं कशाला बोला, एक गोष्ट धर्मालाही खटकायची. पावलं येताना ऐकू यायची. परत गेलेली त्याने कधी ऐकली नव्हती.

२

मार्गशीर्ष लागला तशी थंडी वाढली आणि माळ्यावरून वास यायला लागला. नव्या झिनी तांदळाचा भात रटरट शिजावा तसा. चूल विझलेली, गॅस बंद, आणि घरभर भाताचा वास. वत्सला माजघरात उभी राहून म्हणाली, "वर भात शिजतोय," आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. ते काही धर्माला बघवेना. त्याने शहापूरच्या रविंद्रला फोन लावला.

रविंद्र साप पकडायचा, वटवाघळं हाकलायचा, कोणाच्या घरात काय शिरलं असेल ते बाहेर काढायचा. तिशीचा, हसरा. दुसऱ्याच दिवशी सकाळी मोटरसायकलवर हजर झाला आणि ओटीवर पाय ठेवताच नाक वर केलं.

"काकी, घाबरू नका. उदमांजरच हाय. त्याच्या अंगालाच असला वास असतो. माझी बायको म्हनते, तुमी कामावरनं आलात की आमाला भूक लागते."

तो शिडीवरून वर गेला आणि बराच वेळ खुडबुडत राहिला. खाली आला तेव्हा डोक्यावर कोळिष्टकं होती. पश्चिमेच्या बाजूला एक कौल सरकलं होतं आणि परसातल्या फणसाची फांदी नेमकी त्या भोकाला टेकली होती. कणगीमागे जुन्या गोधड्यांचं गाठोडं होतं, त्यात जनावराने घर केलं होतं.

"मादी हाय, पिल्लं असनार. आता घाईनं भोक बुजवलं आन एखादं आत राहिलं, तर ते बिचारं आत मरेल आन आई भायेर कौलं उचकटत बसेल. सगळी भायेर पडली की मंगच जाळी ठोकायची."

"पडली हे कळनार कसं?" धर्माने विचारलं.

"पीठ! भोकापासनं शिडीपर्यंत पीठ चाळून टाकायचं. येनारा-जानारा आपापल्या पायानं सही करून जातो, सकाळी आपन वाचायचं. काकी, ताटभर पीठ द्या. कसलंबी चालंल."

वत्सला उठली. आत गेली ती लवकर येईना. आली तेव्हा डोक्यावरून पदर घेतलेला, हातात पितळेचं ताट आणि ताटात दोनदा चाळलेलं, मऊ, पांढरंशुभ्र पीठ होतं.

"तांदळाचं हाय," ती म्हणाली. "शेजारी दिवा पन ठेवा."

"दिवा नको काकी, वर पेंढा हाय, भडका उडायचा."

"बरं. नको मग दिवा."

रविंद्र ताट घेऊन शिडी चढायला लागला आणि धर्मा त्याच्यामागोमाग मधल्या पायरीपर्यंत गेला.

आता हे परक्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. इकडे माणूस गेला की त्याला शेवटचा जिथे ठेवला असेल त्या जागी दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी तांदळाचं पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वर पाटी पालथी घालतात. सकाळी पाटी उचलायची आणि बघायचं, पाऊल कसलं उमटलंय. पाखराचं, वासराचं, माणसाचं. ज्याचं उमटेल त्या जन्माला गेला म्हणायचं आणि डोळे पुसायचे. हर्षितला गाडीतून उतरवून ओटीवर ठेवला होता, तिथे पीठ घातलं. सकाळी पाटी उचलली तर पीठ जसंच्या तसं. शेजारचा म्हातारा सावळाराम म्हणाला, "त्याला घरी आनलाय हे त्याला ठावंच नाय." म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नाही, बोलून विसरून गेला. वत्सलाच्या काळजात मात्र ते वाक्य तसंच रुतून राहिलं.

पीठ एकदाच घालायचं असतं. उमटलं तर उमटलं, नाही तर नाही. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

हे सगळं धर्माला माहीत होतं. त्याने तिथेच ताट हातातून काढून घ्यायला हवं होतं, गव्हाचं पीठ आण म्हणून सांगायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत वत्सला पहिल्यांदा आपणहून उठली होती, आपणहून काही काम केलं होतं. तो गप्प बसला. कोणताही नवरा गप्पच बसला असता.

३

त्या संध्याकाळी पावलं वाजली. वत्सला भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती, आणि तिचा चेहरा असा काही निवला होता की धर्माने विनोद केला नाही.

सकाळी उजाडल्यावर तो शिडी चढला आणि माळ्याच्या तोंडातून डोकं वर काढलं. कौलांच्या फटींतून उन्हाच्या रेघा पिठावर पडल्या होत्या. रविंद्रने शिकवलं होतं तसं त्याने वाचायला घेतलं. एक मोठं जनावर, पाच बोटांचं. त्याच्यामागे दोन लहान. भोकाकडे गेलेली आणि भोकाकडून आलेली. म्हणजे फिरून परत आली. झालं, कोडं सुटलं. धर्माला हायसं वाटलं.

उतरायला पाय खाली टाकला आणि नाकासमोर, अगदी शिडीच्या तोंडाच्या काठावर, त्याला बाकीचं दिसलं.

माणसाचे दोन चवडे. टाचा नव्हत्या, नुसते चवडे, शेजारी शेजारी, बोटं खाली माजघराकडे केलेली. उकिडवं बसून, टाचा उचलून खाली वाकून बघताना पाय टेकतात तसे. मागे पीठ स्वच्छ होतं. तिथवर आल्याची खूण नव्हती, तिथून गेल्याचीही नव्हती. आणि काठावरून खाली नजर टाकली की जे पहिलं दिसतं ते वत्सलाचं अंथरूण.

अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब होतं.

धर्माचंही तसंच होतं. त्याच्या बापाचंही. "माझंच हाय मग," तो मोठ्याने म्हणाला. काल रविंद्रच्या मागे चढताना आपण वर पाय ठेवला असणार. ठेवला होता का? तो शिडीच्या मधल्या पायरीवर होता, एवढंच आठवत होतं. त्याने वर चढून आपला चवडा शेजारी टेकवून बघितला. त्याचा रुंद, भेगाळलेला, क्लच-ब्रेक दाबून पसरलेला. हा निमुळता. जवान माणसाचा.

पीठ आहे, हलतं, सरकतं, असं म्हणून त्याने तळहाताने ते दोन्ही चवडे पुसून टाकले.

खाली वत्सला उभी होती.

"उमटलं?"

"उदमांजराचं. एक मोठं, दोन बारकी."

"आनखी?"

"आनखी काय असनार? हत्ती?"

ती त्याच्या पांढऱ्या तळहाताकडे बघत राहिली. पण त्या दुपारी तिने भाकरी मागून घेतली, आणि धर्माला आतून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याने त्याचा घात केला.

४

रविंद्र फोनवर म्हणाला, "परत आली म्हंजे जागा सोडली नाय अजून. रोज सांजचं पीठ घालत राव्हा. एक दिवस नुसती गेल्याची खून दिसंल."

म्हणून रोज पीठ घातलं. वत्सला चाळून द्यायची, धर्मा वर पसरायचा, सकाळी वाचायचा. उदमांजरं जात होती, येत होती. आणि काठावर रोज ते दोन चवडे होते.

दुसऱ्या वेळी धर्माला ते जरा लहान वाटले. नजरेचा खेळ असेल. मग अजून लहान. नववी-दहावीतल्या पोराचे असावेत तसे. मग त्याने मनाशी शेजारपाजारची पोरं आठवून बघितली, कोण वर चढलं असेल, कशासाठी, शिडी रोज काढून भिंतीला आडवी ठेवतो तरी कसं. एकेक पोर घ्यायचा आणि सोडून द्यायचा. अंगठ्याशेजारचं बोट लांब असलेलं पोर त्याला आळीत सापडलं नाही. तो रोज हाताने पुसायचा आणि खाली येऊन "उदमांजर" म्हणायचा.

एका दुपारी जेवायला घरी आला तर घरात तव्यावर बोंबील परतल्याचा वास. वत्सलाने केस विंचरले होते. धुतलेलं लुगडं नेसली होती. इतक्या दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं, आणि धर्माने आधी वर माळ्याकडे बघितलं.

"मी वर गेलते," ती म्हणाली.

"वर? गुडघ्याचं काय?"

"दुखलं. दुखू द्या." तिने त्याच्या ताटात भात वाढला. "सकाळी तुमी पुसायच्या आधीच उठून बघून आले. केवढा झालाय ठाव हाय? एवढा." तिने तर्जनी आणि अंगठा ताणून दाखवले. "शाळेत घातला तवा पाय एवढा व्हता. पह्यल्या दिवशी केवढा व्हता ओ? तुमी मला सांगितलाच नाय."

"वत्सले, येड्यासारखं बोलू नको. पीठ हाय ते. कसलंबी काय दिसतं."

"मग पुसता कशाला?"

तो मान खाली घालून जेवत राहिला. वत्सलाही त्याच्यासमोर बसून जेवली, बोटं चाटून जेवली.

"जवान व्हता तवा घरात टिकायचा नाय," ती म्हणाली. "सारखा भायेर. आता बारका व्हतोय. आता बसंल माझ्यापाशी."

ती हसत होती. बायकोचं हसू बघायला धर्माने काय काय केलं होतं, आणि आता ते समोर होतं तर त्याला बघवेना. जेवून तो रिक्षा घेऊन निघाला. शहापूरच्या वाटेवर त्याच्या डोक्यात ते फिरत राहिलं. मोठ्याचा लहान. लहानाचा तान्हा. आणि तान्ह्याच्या पुढे? त्याने रस्त्याच्या मधोमध ब्रेक मारला. मागच्या बायका एकमेकींवर आदळल्या आणि त्याच्या नावाने ओरडल्या. त्याला ते ऐकूही आलं नाही.

पोरगा येत नव्हता. रोज थोडा थोडा संपत होता.

५

त्या संध्याकाळी धर्माने पिठाचा डबा उचलून रिक्षाच्या मागच्या सीटखाली कोंबला. पीठ घालून विचारायचं थांबवलं तर जेवढा आहे तेवढा तरी राहील, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. पुढच्याच क्षणी त्याला वाटलं, काय बोलतोय मी हे? उदमांजर आहे. रविंद्रने सांगितलंय, उदमांजर आहे. डबा मात्र त्याने काढला नाही.

सकाळी वर गेला तर पीठ पसरलेलं होतं. जाडंभरडं, कण्या असलेलं. वत्सलाने आदल्या सांजेला तो अंगणात असताना तांदूळ खलबत्त्यात कुटले होते आणि गुडघे फरफटत शिडी चढली होती.

त्या पिठावर उदमांजराचं एकही पाऊल आत आलेलं नव्हतं. तिन्ही जनावरं नुसती बाहेर गेलेली. रविंद्र म्हणाला होता तसंच. आणि चवडे नव्हते. काठापासून कणगीकडे दोन दोन खुणा गेल्या होत्या, जवळजवळ, वेड्यावाकड्या. आधी लहानशा पंजांच्या, मग गोल, वाटीच्या बुडाएवढ्या. धर्मा बघत राहिला. त्या गोल खुणा कसल्या ते त्याला कळायला वेळ लागला, कारण ते बघून त्याला वीस वर्षं झाली होती. ते गुडघे होते. पोर रांगत होतं.

तो कसाबसा खाली उतरला. माजघरात वत्सला पाटावर चढून उभी होती. माळ्याच्या तुळईला तिने जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती आणि गाठ पक्की आहे का ते ओढून बघत होती.

"हे काय?"

"झोळी," ती म्हणाली, जसं काही रोजच बांधते.

धर्माने अंगणात जाऊन रविंद्रला फोन लावला. "आजच ये. जाळी घेऊन ये. सगळी गेली."

६

धर्माला वाटलं होतं, वत्सला आडवी येईल, शिडी धरेल, आकांत करेल. तो त्या तयारीनेच बसला होता. रविंद्र आला, फणसाची फांदी तोडली, कौल सरळ केलं, आतून बारीक जाळी ठोकायला लागला. वत्सला ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. हातोड्याचा एकेक ठोका पडला की ती मान हलवायची.

"चांगलं घट्ट मारा हां," तिने खालून हाक दिली. "फट ठेवू नका."

तेव्हा धर्माला कळलं, ती का आडवी येत नाही. त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तिच्या लेखी आत होता तो आता कुठे जाणार नव्हता.

रविंद्रने खाली उतरून हात झटकले. "वाचलात काका. आई आन दोन पिल्लं, तिन्ही गेली. गाठोडं हलवलं नाय मी, सावकाश काढा, त्याला वास असतो." जाता जाता त्याची नजर झोळीवर गेली. "अरे वा! मितालीताई येनार वाटतं बाळंतपनाला?"

धर्माने खिशातून पैसे काढून त्याच्यापुढे धरले. रविंद्रचा चेहरा जरा पडला. पैसे घेऊन तो निघून गेला आणि त्याच्या मोटरसायकलचा आवाज वळणावर विरला.

मग घर इतकं शांत झालं की परसातली कोंबडी पाचोळा उकरते तेसुद्धा ऐकू येत होतं. धर्मा त्या दिवशी रिक्षावर गेला नाही. उन्हं कलली, संध्याकाळ झाली, चालायची वेळ झाली. वर कोणी चाललं नाही. चहा बशीत गार झाला. धर्मा मनात म्हणाला, संपलं, देवा, सुटलो. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते का आलं ते त्याला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात कणगीमागे वाजलं.

टप. टप टप. टप.

पाऊल नव्हतं ते. एकाच जागी, फळीवर काहीतरी मऊ आपटत होतं. ज्याच्या घरात पोर वाढलं आहे त्याला तो आवाज सांगावा लागत नाही. उताणं पडलेलं तान्हं जागं झालं की एकटंच खेळत टाचा आपटतं.

वत्सला उठून उभी राहिली.

"पिल्लू राहिलंय," धर्मा घाईने म्हणाला. त्याने फोन काढला. रविंद्र म्हणाला, "राहिलं असंल, काका, व्हतं असं कधी कधी. बॅटरी घेऊन बघा. असलं तर टोपलीत घालून फणसाखाली ठेवा, आई घेऊन जाईल." किती साधं होतं. धर्माने बॅटरी घेतली, टोपली घेतली आणि शिडी लावली.

वत्सला शिडीखाली आली आणि तिने दोन्ही हात वर केले.

"खाली द्या माझ्याकडं," ती म्हणाली. "मी धरते."

७

माळ्यावर अजून भाताचा वास होता, पण जुना, विरलेला. धर्मा वाकून, तुळया चुकवत कणगीच्या मागे गेला. आवाज थांबला नाही. त्याची चाहूल लागून जनावर असतं तर गप्प झालं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग, तान्ह्या पिल्लाला काय कळतंय, असंही आलं.

त्याने बॅटरीचा झोत गाठोड्यावर टाकला. गोधड्यांत मधोमध खोलगा झाला होता. खोलग्यावर एका गोधडीचा पदर पडला होता आणि तो पदर खालून हलत होता. त्याच्या काठावर बोटं आली. इवलीशी. उघडली, मिटली. परत उघडली.

पाच होती. उदमांजरालाही पाच बोटं असतात, धर्माने स्वतःला सांगितलं. पाचच असतात. रविंद्रने दाखवली होती.

पुढचं बघायचं की नाही ते त्याच्या हातात होतं. त्याने बॅटरी विझवली.

अंधारात तो गुडघ्यांवर बसला आणि हात पुढे करून चाचपडला. त्याची तर्जनी कशाला तरी लागली आणि तिच्याभोवती ती बोटं मिटली. घट्ट. नख लागलं नाही. गरम होती, जराशी ओलसर. टाचांचा आवाज थांबला.

ठाण्याच्या दवाखान्यात काचेच्या बाहेर उभा राहून धर्माने हे किती मागितलं होतं. आत सोडत नव्हते. एकदा हात धरू द्या, एवढंच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

"काय हाय?" खालून वत्सला.

शिडीच्या तोंडातून खालचा उजेड येत होता आणि त्या उजेडात तिचे दोन तळहात दिसत होते, वर केलेले, वाट बघणारे. उचलायचं, चार पावलं जायचं आणि त्या हातांत द्यायचं. तिचा हक्क होता. त्याच्याहून जास्त होता. नऊ महिने तिने वागवला होता.

आणि मग सकाळी काय? सकाळी झोळी रिकामी असणार, हे धर्माला पक्कं ठाऊक होतं, बोटाभोवती काय आहे ते ठाऊक नसलं तरी. एकदा गेला तेव्हा ती कशीबशी मागे राहिली. कुशीतून गेला तर राहणार नाही. त्याच्यामागे जाईल, आणि धर्मा या घरात एकटा बशीत चहा ओतत बसेल.

"आवो, काय हाय? बोला ना."

"थांब," तो म्हणाला. "बघतोय."

तो बसून राहिला. बोटाभोवतीची पकड हळूहळू लहान होत होती. सैल नव्हे, लहान. आधी अर्ध्या बोटाला पुरत होती, मग नुसत्या पेराला, मग शेंड्याला. तांदळाच्या कणीएवढं काहीतरी त्याच्या बोटाच्या टोकाला अजून धरून होतं. धर्माने वाकून त्या अंधाराला, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं सांगितलं, "जा रे बाळा. मी हाय हितं. जा."

मग नुसती ऊब राहिली. आणि थोड्या वेळाने हाताखाली फक्त जुनी गोधडी होती.

तो खाली उतरला तेव्हा वत्सलाचे हात भरून आले होते, तरी तिने ते खाली घेतले नव्हते. तिने टोपलीत बघितलं.

"काय नाय," धर्मा म्हणाला. "उदमांजराचं पिल्लू व्हतं. मेलं. उद्या काढतो."

तिने हात खाली घेतले. उभी राहून नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि धर्मा मोरीकडे वळला. मागून ती तांब्या घेऊन आली. त्याच्या हातावर पाणी घालायला लागली. पाणी अर्धं बाहेर सांडत होतं.

"रडला का ओ?" तिने हळूच विचारलं.

"नाय," धर्मा म्हणाला. "बोट धरून व्हता."